टीबीचा जंतू सापडला, औषधाचा दावा मात्र फसला : डॉ. रॉबर्ट कॉख यांची गोष्ट

२६ ऑगस्ट १९८२. चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा तयार झाला. त्याच वर्षी जगभरात एका शोधाची शंभरी साजरी झाली होती. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये एका डॉक्टरने टीबी ज्या जंतूमुळे होतो तो जंतू दाखवला होता. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

त्या डॉक्टरचं नाव रॉबर्ट कॉख. आपल्याकडच्या दवाखान्यांमध्ये आजही बरेच डॉक्टर फाईलवर टीबी असं न लिहिता कॉक्स असं लिहितात. ते यांच्याच नावावरून.

आता गडचिरोलीचा आणि कॉख यांचा संबंध काय?

तर अहेरी, एटापल्ली, भामरागड असो किंवा चंद्रपूरकडची जिवती, कोरपना. टीबीची औषधं सुरू होऊन दोन महिने झाले की रुग्णाच्या हातात पुन्हा एकदा प्लास्टिकची डबी दिली जाते. सकाळचा बेडका आणून द्या, असं सांगितलं जातं. खरंतर तोवर बहुतेकांचा ताप गेलेला असतो, खोकला कमी झालेला असतो, वजन वाढायला लागलेलं असतं, माणूस शेतात किंवा तेंदूपत्त्याच्या कामाला जायला लागलेला असतो. मग बरं वाटत असताना पुन्हा तपासणी कशाला?

कारण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कसा मोजायचा याची सोय कॉख यांनी करून दिली, आणि तो नीट न मोजता औषधाचा दावा केला की काय होतं याचा धडाही त्यांच्याच आयुष्यातून मिळाला.

खाणकामगारांच्या गावातला मुलगा

११ डिसेंबर १८४३ ला जर्मनीतल्या हार्झ डोंगररांगांमधल्या क्लाउस्थाल गावात रॉबर्ट कॉख यांचा जन्म झाला. घनदाट जंगल आणि जमिनीखाली खाणी, असा तो भाग. चंद्रपूरच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. वडील खाण खात्यात नोकरीला होते.

गॉटिंगेन विद्यापीठातून कॉख १८६६ मध्ये डॉक्टर झाले. तिथे याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. काही रोग जिवंत सूक्ष्म जीवांमुळे होत असावेत, हे त्यांनी बरंच आधी मांडलं होतं. पण तेव्हा त्याला पुरावा नव्हता.

शिक्षण झाल्यावर कॉख यांनी लहान गावांमध्ये प्रॅक्टिस केली, फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केलं आणि १८७२ मध्ये वोल्श्टाइन या छोट्या गावात ते सरकारी वैद्यकीय अधिकारी झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तालुक्याच्या ठिकाणचे आरोग्य अधिकारी. ना विद्यापीठ, ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा. होता तो एक मायक्रोस्कोप. रुग्ण तपासायच्या खोलीचाच एक भाग वेगळा करून त्यांनी घरात प्रयोगशाळा थाटली.

त्या भागात गुराढोरांमध्ये अँथ्रॅक्सची साथ होती. कॉख यांनी त्या रोगाच्या जंतूचं सगळं जीवनचक्र शोधून काढलं आणि १८७६ मध्ये ब्रेसलाऊ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना ते प्रत्यक्ष दाखवलं. एक विशिष्ट जंतू एक विशिष्ट रोग घडवतो, हे इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदाच सिद्ध झालं होतं. १८८० मध्ये त्यांना बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात बोलावण्यात आलं.

२४ मार्च १८८२ ला काय झालं?

त्या काळी युरोपात दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू टीबीने होतो असं मानलं जायचं. रोग आनुवंशिक आहे, घराण्यात चालत येतो, अशी अनेक डॉक्टरांचीही समजूत होती. टीबी एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे फ्रान्सच्या व्हिलमँ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं होतं, पण जंतू कुणालाच दिसला नव्हता.

न दिसण्याचं कारण म्हणजे या जंतूवर मेणासारखं जाड आवरण असतं. त्यामुळे नेहमीचे रंग त्याच्यावर चढतच नाहीत, आणि रंग नाही चढला तर मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. कॉख यांनी ऑगस्ट १८८१ मध्ये काम सुरू केलं. रंगाचं द्रावण अल्कधर्मी करून, त्यात नमुना तासन्‌तास ठेवून त्यांनी जंतूला निळा रंग दिला आणि आजूबाजूचं सगळं तपकिरी केलं.

दुसरी अडचण होती जंतू वाढवण्याची. इतर जंतू एका रात्रीत वाढतात. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच जवळपास १५ ते २० तास लागतात. दुसऱ्या कुणी चार दिवस वाट पाहून नळी फेकून दिली असती. कॉख थांबले, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना गोठवलेल्या रक्तद्रवावर बारीक ठिपके दिसायला लागले.

२४ मार्चच्या संध्याकाळी बर्लिनच्या फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या बैठकीत ते दोनशेहून अधिक नमुने घेऊनच गेले. जंतू दाखवला, तो शरीराबाहेर वाढवलेला दाखवला, वाढवलेला जंतू टोचल्यावर गिनीपिगला टीबी होतो हेही दाखवलं. वाद घालायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

पुढच्या वर्षभरात पॉल एर्लिख, फ्रान्झ झील आणि फ्रिडरिख नील्सन यांनी रंग देण्याची पद्धत सुधारली. लाल रंग द्यायचा, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. झील-नील्सन पद्धत ती हीच, आणि सरकारी दवाखान्यांमधले लॅब टेक्निशियन आजही तिच्यावर काम करतात.

आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात टीबीने निधन झालं. जंतू सापडून पाच वर्षं होत आली होती, पण आजार ओळखता आला तरी हातात औषध काहीच नव्हतं. आता जग कॉख यांच्याकडे औषधासाठी डोळे लावून बसलं होतं.

१८९० : जगभर गाजलेला दावा

मधल्या काळात कॉख आणखी मोठे झाले होते. १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि मग कोलकात्याला जाऊन त्यांनी कॉलराचा जंतू ओळखला. १८८५ मध्ये बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांच्याशी त्यांची स्पर्धा सुरू होती आणि पाश्चर यांची रेबीजची लस जगभर गाजत होती.

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. तिथे कॉख यांनी जाहीर केलं, की टीबीच्या जंतूची वाढ रोखणारा पदार्थ आपल्याला मिळाला आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी माणसांवरच्या वापराचा लेखही छापला. पदार्थ कशापासून बनवला, हे मात्र गुप्त ठेवलं.

लोकांनी बर्लिनकडे धाव घेतली. हॉटेलं, खाणावळी रुग्णांनी भरून गेल्या. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल हे स्वतः डॉक्टर होते. तेही बर्लिनला जाऊन आले आणि हा उपाय अजून सिद्ध झालेला नाही, असा सावध इशारा त्यांनी लिहिला.

हे औषध म्हणजे ट्यूबरक्युलिन. जानेवारी १८९१ मध्ये गुपित उघड झालं, तेव्हा कळलं की तो टीबीच्याच जंतूंचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क आहे.

नेमकं चुकलं काय?

ट्यूबरक्युलिन टोचलं की टीबीच्या रुग्णाला सडकून ताप यायचा, थंडी वाजायची. त्वचेचा टीबी असेल तर तो भाग सुजायचा, मग खपली धरून गळून पडायचा. हे डोळ्यांना दिसणारं होतं. काहीतरी जोरदार घडतंय म्हणजे औषध काम करतंय, असं सगळ्यांना वाटलं.

पण कॉख यांनीच लिहिलं होतं, की हा पदार्थ जंतूला मारत नाही, जंतूने ग्रासलेल्या पेशींना मारतो. म्हणजे जंतू जिवंतच राहत होता.

कॉख यांनी थुंकीतले जंतू पाहिलेच नव्हते असंही नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या काही रुग्णांचा खोकला कमी झाला, थुंकीतले जंतू कमी होत गेले, असं त्यांनी नोंदवलं होतं. पण रुग्ण मोजके होते आणि पाहिलं गेलं ते काही आठवडेच. औषध न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना झाली नव्हती. टीबी हा चढउताराचा आजार आहे. औषध न घेताही काही रुग्णांना काही काळ बरं वाटतं. त्यामुळे सुधारणा औषधाने झाली की आपोआप, हे सांगताच येत नव्हतं.

बर्लिनचे ज्येष्ठ शरीरविकृतितज्ज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी जानेवारी १८९१ मध्ये ट्यूबरक्युलिन दिल्यानंतर मरण पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. आजार काहींच्या शरीरात उलट नव्या जागी पसरलेला दिसत होता. जर्मनीतल्या रुग्णालयांमधून अहवाल आले, त्यात पूर्ण बरे झालेले रुग्ण अगदीच थोडे निघाले. काही महिन्यांत आशा ओसरली. लोकांचा कॉख यांच्यावर विश्वास होता, म्हणूनच हा धक्का मोठा होता.

ट्यूबरक्युलिन वाया मात्र गेलं नाही. १९०७ मध्ये पिर्के आणि १९०८ मध्ये मांटू यांनी ते त्वचेवर वापरून टीबीचा संसर्ग ओळखण्याची चाचणी तयार केली. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ती मांटू टेस्ट. पण तिची मर्यादाही तीच आहे. ती फक्त शरीराची प्रतिक्रिया सांगते. माणूस पूर्ण बरा झाल्यावरही ती पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून औषध लागू पडतंय का, हे मांटू टेस्टवरून ठरवत नाहीत.

मुंबईत कॉख

१८९७ मध्ये कॉख मुंबईला आले होते. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं आणि जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. जर्मन सरकारने प्लेगच्या अभ्यासासाठी आयोग पाठवला होता, त्यात कॉख होते. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या प्लेगच्या लसीचीही या आयोगाने पाहणी केली.

चुका त्यानंतरही झाल्या. गाईच्या टीबीचा माणसाला फारसा धोका नाही, असं त्यांनी १९०१ मध्ये लंडनला सांगितलं. ते पुढे चुकीचं ठरलं. टीबीवरच्या संशोधनासाठी १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेन इथे त्यांचं निधन झालं. टीबीवर खरंच चालणारं औषध त्यांना पाहायला मिळालं नाही.

औषध आलं, मग मोजणी कामी आली

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा ट्यूबरक्युलिनच्या वेळची चूक टाळली गेली. १०७ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ तर दुसऱ्या गटातले १४ जण दगावले. औषध खरंच काम करत होतं.

पण थुंकीची तपासणी सुरूच होती, म्हणून आणखी एक गोष्ट कळली. बरे होत आलेल्या अनेक रुग्णांमधले जंतू काही महिन्यांत औषधाला दाद देईनासे झाले होते. एकच औषध देऊन भागणार नाही, दोन-तीन औषधं एकत्र द्यावी लागतील, हे यातून शिकायला मिळालं. टीबीच्या गोळीत आज चार औषधं असतात, त्याचं मूळ इथे आहे.

१९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, टीबीच्या औषधोपचारावर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं काय आणि घरी ठेवून औषध दिलं काय, निकाल सारखाच येतो, हे तिथल्या अभ्यासाने दाखवलं. हे ठरवायला आधार होता थुंकीच्या कल्चरचा. गडचिरोलीतल्या पाड्यावरचा रुग्ण आज घरी राहून औषध घेतो आणि आशाताई गावातच त्याच्यावर लक्ष ठेवते, त्यामागे हा पुरावा आहे.

आज मोजतात तरी कसं?

पहिली पद्धत म्हणजे स्लाईड. टेक्निशियन मायक्रोस्कोपखाली जंतू अक्षरशः मोजतो. शंभर भागांमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर तुरळक. १० ते ९९ दिसले तर १ प्लस. प्रत्येक भागात १ ते १० असतील तर २ प्लस, आणि त्याहून जास्त असतील तर ३ प्लस. सुरुवातीला ३ प्लस असलेला रुग्ण दोन महिन्यांनी निगेटिव्ह झाला, तर औषध लागू पडतंय असं समजतात. स्वस्त आणि त्याच दिवशी कळणारी पद्धत. पण एक मिलिलिटर थुंकीत साधारण १० हजार जंतू असल्याशिवाय ते स्लाईडवर सापडत नाहीत. आणि दिसलेला जंतू जिवंत की मेलेला, हेही कळत नाही.

दुसरी पद्धत कल्चर. कॉख यांनी केलं तेच, जंतू वाढवून पाहायचा. मेलेला जंतू वाढत नाही, त्यामुळे ही पद्धत सगळ्यात भरवशाची. अंड्यापासून बनवलेल्या घट्ट माध्यमावर निगेटिव्ह म्हणण्याआधी आठ आठवडे थांबावं लागतं, द्रव माध्यमाच्या यंत्रात सहा आठवडे. या यंत्राचा आणखी एक उपयोग होतो. नळीत जंतू दिसायला किती दिवस लागले, हे ते नोंदवतं. आधी पाच दिवसांत दिसायचे ते आता वीस दिवसांनी दिसतायत, म्हणजे जिवंत जंतू कमी झालेत. नवी औषधं तपासताना हा आकडा फार महत्त्वाचा असतो.

इथे चंद्रपूर-गडचिरोलीची अडचण येते. कल्चर गावात होत नाही, त्यासाठी नमुना नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेसारख्या मोठ्या ठिकाणी पाठवावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. नमुना थंड राहिला नाही तर थुंकीतले दुसरेच जंतू भराभर वाढतात आणि टीबीचा जंतू त्यात हरवून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर आपण वर्षानुवर्षं वाचतोय. नमुना अडकला की निकाल अडकतो.

मग गावाजवळच होणारी जलद चाचणी का वापरत नाहीत? गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट किंवा सीबीनॅट ही यंत्रं एक-दोन तासांत जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफाम्पिसिन हे औषध चालणार की नाही तेही सांगतात. टीबी ओळखायला ती उत्तम आहेत. पण मेलेल्या जंतूचा डीएनए बराच काळ टिकून राहतो. रुग्ण बरा होत असतानाही यंत्र पॉझिटिव्ह दाखवू शकतं. त्यामुळे उपचार लागू पडतोय का, हे पाहायला अजूनही स्लाईड आणि कल्चरच लागतं. जंतू मेल्यावर लवकर नष्ट होणाऱ्या आरएनएची मोजणी करण्याचे प्रयोग सुरू आहेत, ते याच कारणाने.

एक्स-रेचंही तसंच. जंतू गेल्यावरही फुप्फुसावरचा डाग राहू शकतो. वर्षानुवर्षं खाणीच्या धुळीत काम केलेल्या माणसाच्या छातीवर आधीपासूनच सावल्या असतात, तिथे तर फक्त एक्स-रेवरून काही ठरवणं आणखी कठीण.

दोन महिन्यांनंतरची ती डबी

नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांनी आणि शेवटी थुंकी तपासतात. दोन महिन्यांनीही जंतू दिसले, तर ते औषधाला दाद देत नाहीयेत का, याची तपासणी होते. उपचार संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी रुग्णाची विचारपूस करायची असते.

पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात आणि माणसाला बरं वाटतं. मागे राहतात ते सुस्त पडलेले थोडे जंतू. त्यांना मारायला उरलेले महिने लागतात. बरं वाटतंय म्हणून तिथेच गोळ्या सोडल्या, तर आजार परत येऊ शकतो आणि जंतू औषधाला निबर होण्याचा धोका वाढतो.

ताप उतरला, वजन वाढलं, ही चांगलीच लक्षणं आहेत. डॉक्टरही त्यांची नोंद घेतात, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. पण १८९० मध्ये बर्लिनमध्ये हजारो रुग्ण आणि खुद्द जंतू शोधणारा माणूस अशाच लक्षणांवर विसंबून फसला होता. म्हणून खोकला नसला तरी, बेडका कमी येत असला तरी, ती डबी दिलेल्या दिवशी परत नेऊन द्यायची. जंतू उरलेत की नाहीत, हे त्या डबीतूनच कळतं.